मामांच्या बंदुकीचा घोडा

बंदुकीच्या ज्या तुकड्यामुळे बार उडतो त्याला मराठीत घोडा म्हणतात, याला माझा जाहीर आक्षेप आहे. तो घोड्यासारखा दिसत नाही, घोड्यासारखा धावत नाही. अंगठ्यानं मागं ओढायचा, बोटानं चाप दाबायचा, की तो पुढं आपटतो आणि काडतूस फुटतं. आपटणाऱ्या वस्तूला हातोडा म्हणावं. हातोडा हा शब्द काय मेला होता? पण नाही. ज्या कुणी हे नाव ठेवलं त्याला पुढं कुणाच्या दारात काय उभं राहील याची फिकीर नव्हती. ते आमच्या दारात उभं राहिलं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मी पत्रकं लिहिते. बसथांब्यावर सावली पाहिजे, आठवडी बाजारात बायांसाठी मुतारी पाहिजे, शाळेच्या नळाला पाणी पाहिजे, अशी. पत्रकाचा एकच नियम मी शिकले आहे: काय पाहिजे ते पहिल्या ओळीत लिहायचं आणि लाजायचं नाही. आयुष्यात एकदाच हा नियम मोडला. तोही मामांच्या सांगण्यावरून.

मामांचं गाव आखाडा बाळापूरहून जीपनं थोडं आत आहे. माझं निम्मं लहानपण तिथं गेलं आणि आता निम्मी पत्रकंही तिथंच लिहून होतात, कारण मामी जेवायला हाक मारते आणि विषय विचारत नाही. मामांकडं त्यांच्या वडिलांपासून आलेली एक बंदूक आहे. पिकाच्या राखणीचं लायसन, सगळं बराबर. त्यांनी आजवर काय मारलं असं विचारू नका. रानडुकरं भुईमुगात शिरली की मामा बांधावर उभे राहून हवेत बार काढायचे. डुकरं मान वर करून बघायची आणि पुन्हा उकरायला लागायची. मामी म्हणायची, "डुकरांना वाटून राहिलं वरात आली. उद्या आहेर घेऊन येतेन."

पण बंदूक साधी नाही, हे मामांचं म्हणणं खरं आहे. एका वेळी एकच काडतूस घेते. मधून वाकवून उघडायची, काडतूस घालायचं, मिटायची. आणि दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, एक असला तरी तिला नळ्या दोन आहेत. एक जाड, छऱ्याची. दुसरी बारीक, आतून पेच पाडलेली, गोळीची. पुढचं लाकूड काढलं की एक नळी निघते, तिथं दुसरी बसते आणि बंदुकीची रायफल होते. मामा हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करून दाखवायचे. इतर घरांत पाहुणे आले की लेकराला कविता म्हणायला लावतात, तसं आमच्याकडं नळी बदलायची. पाहुणे "अरे वा" म्हणायचे आणि मामांचा दिवस सार्थकी लागायचा.

मागच्या उन्हाळ्यात ती मोडली. अंगणात हळद पॉलिश करायचं ड्रम लावलं होतं. मामांनी बंदूक पुसून उन्हाला म्हणून त्या ड्रमालाच टेकवून ठेवली आणि पाणी प्यायला आत गेले. कुणीतरी ड्रम चालू केलं. बंदूक आपटली, आणि घोड्याचा अंगठ्यानं ओढायचा शेंडा मोडून हळदीच्या ढिगात गेला. दिवसभर हळद चाळली, सापडला नाही. तो पोत्यात भरून बाजारात गेला असणार. आता तो कुणाच्या तरी डब्यात, स्वच्छ पॉलिश होऊन पडला असेल आणि त्या घरची बाई हे हळकुंड काही केल्या कुटलं जात नाही म्हणून कपाळाला हात लावून बसली असेल.

दोन-तीन आठवडी बाजार गेल्यावर मामी बोलली.

"दसऱ्याच्या आत एक तर ती वाजली पाहिजे, न्हाई तर विकली पाहिजे. मोडकी बंदूक घरात ठेवून काय करायचं? काठी परवडली, तिच्यावर कपडे वाळतेत."

"अगं, विलायती हाय ती," मामा म्हणाले.

"मंग विलायतेला धाडा. आन् आधी हिचा भाव तर काढा. कळू द्या तरी, इतके दिवस मी काय झाडून काढून राहिले ते."

मामा मला गोठ्यात घेऊन गेले. मामांना गुपित सांगायचं असलं की ते म्हशींसमोर सांगतात.

"बाई, मला ती ठिवायची हाय," ते म्हणाले. "घोडा मिळाला तर मामीचं तोंड बंद हुईल. पण भावाचं भ्याव वाटतंय."

"भावाचं काय भ्याव?"

"कमी निघाला तर गावात माझी इज्जत गेली. इतकी वर्षं विलायती विलायती करून राहिलो. आन् जास्त निघाला तर बंदूक गेली. मामी ठिवती का मंग? मधला भाव निघाला पाहिजे."

"मधला म्हणजे किती?"

मामांनी म्हशीकडं बघून विचार केला. "मला सांगायला लाज वाटणार न्हाई आन् मामीला विकावं वाटणार न्हाई, एवढा."

मला ही मागणी न्याय्य वाटली. एका माणसाची एक वस्तू, आणि बाजार ती त्याच्याकडून काढून घेणार, तेही ती चांगली आहे म्हणून? मी तिथंच म्हशीसमोर मामांच्या बाजूनं उभी राहिले.

आधी बाळापूरच्या वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं चष्मा कपाळावर चढवला, बंदूक पाहिली आणि दोन पावलं मागं सरकला. "मामा, ट्रॉली आणा, नांगर आणा, पाळणा आणा. हे न्हाई. हे मी जोडलं आन् तुमच्या तोंडावर उडलं तर मामी मला जोडत बसंल." बरोबरच होतं त्याचं. मग मी म्हटलं, मोबाईलवर टाकू. जनावरं, अवजारं आणि जुनी वाहनं यांच्या खरेदी-विक्रीचा एक ग्रुप आहे, सगळ्या जिल्ह्याची माणसं त्यात आहेत. कुणाकडं तरी अशी जुनी बंदूक असेल, तो निदान दुकान सांगेल.

मी लिहायला घेतलं, "बंदुकीचा," आणि मामांनी माझा हात धरला.

"बंदूक हा शब्द टाकू नको."

"काहून? लायसन आहे ना?"

"लायसन हाय. पण उद्या पोलिसाची जीप दारात आली, तर मी लायसन काढेपर्यंत सगळ्या गावाला जीप दिसंल. लायसन कुणाला दिसतंय?"

मी वाद घातला. सत्य लपवून कुठलीच चळवळ उभी राहत नाही, हेही म्हणाले. मामा म्हणाले, चळवळ नको, घोडा पाहिजे. शेवटी मी लिहिलं ते असं:

"घोडा पाहिजे. जुना चालेल. विलायती असल्यास उत्तम. अंगानं लहान पण कडक हवा. मागं ओढला की थांबला पाहिजे, सोडला की जोरात पडला पाहिजे. शेंडा मोडलेला नको."

आजही वाचते तेव्हा वाटतं, पत्रक म्हणून हे उत्तम आहे. एक शब्द जास्त नाही.

संध्याकाळी फोन आला. गोरेगावहून एक माणूस बोलत होता, आवाज वयस्कर.

"ताई, घोडा पाहिजे म्हणलं तुमी. वय किती चालंल?"

"वय कितीही चालेल. झिजलेला नको."

"न्हाई न्हाई, झिजला कुठं. दात बघायचे का?"

"दात तर बघावेच लागतील. सगळं दातावरच अडतं." घोड्याला खाली खाचा असतात, त्यांना मामा दात म्हणतात. मला वाटलं, माणूस जाणकार आहे.

"रंगानं काळा हाय."

"काळाच असतो."

"पर ताई, पडणारा काहून पाहिजे?"

"पडल्याशिवाय काम कसं होईल? नुसता उभा राहिला तर काय उपयोग?"

मग तो म्हणाला, "उद्या घेऊन येतो. समक्षच बोलू."

"आणताना नीट गुंडाळून आणा. कुणाला दिसू देऊ नका."

"गुंडाळून?"

"पिशवीत घाला की."

"ताई," तो फार शांतपणे म्हणाला, "पिकअप करतो."

मी मामांना सांगितलं, माणूस किती जबाबदार आहे बघा, एवढ्याशा वस्तूसाठी पिकअप करून राहिला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी पिकअप आली. मागच्या हौद्यात गोणपाटांचा एक मोठा ढीग उभा होता आणि ढिगाला दोन कान होते. गोरेगावच्या त्या माणसानं खाली उतरून घाम पुसला.

"ताई, तुमी म्हणलं तसं झाकून आणलं. तरी कळमनुरीत पोरं ओळखून राहिली."

गोणपाटं काढली. काळा घोडा होता. अंगानं लहान, कपाळावर लाल गोंडा, गळ्यात घुंगरांचा पट्टा. तो माणूस लग्नाच्या वरातीला घोडा देणारा होता. पाच मिनिटांत अर्धं गाव जमलं. कुणी म्हणालं, मामांनी म्हशी विकून घोडा घेतला. कुणी म्हणालं, भाचीचं लग्न ठरलं. मामा बनियनवर बाहेर आले, घोड्याकडं पाहिलं, बंदुकीतून सुटा करून हातात धरलेल्या मोडक्या घोड्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हा कुठं बसवायचा?"

"ह्याला बसवायचं न्हाई, मामा," घोडेवाला म्हणाला, "ह्याच्यावर बसायचं. आन् एक गोष्ट ध्यानात घ्या, हा पडत न्हाई. इतक्या वरातीत नाचला, फटाके वाजले, नवरदेव पडले, पण हा न्हाई पडला. ताईला पडणारा पाहिजे म्हणल्यावर म्हणलं जाऊन समजावावं. पडणारा घोडा घेऊन काय करता? कुणाचा तरी जीव जाईल."

"तेच तर," मी म्हणाले, कारण मी अजून वादातच होते. "जीव जावा म्हणूनच असतो तो!"

गर्दीतल्या दोन म्हाताऱ्या मागं सरकल्या.

मामी तोवर ओट्यावर बसली होती. तिला हसू आवरत नव्हतं, पदर तोंडात, खांदे हलत होते. मामांनी मग नाइलाजानं सगळ्यांसमोर बंदूक आणून दाखवली. जो शब्द एका ग्रुपवर टाकायला नको होता तो मामा आता सगळ्या गावापुढं आडवा धरून उभे होते. घोडेवाल्यानं तो मोडका तुकडा बोटानं चाचपला.

"एवढासा?"

"एवढासाच."

"एवढ्याशासाठी मी ह्याचे खूर धुऊन आणले."

मामीनं त्याला चहा दिला, घोड्याला कडबा टाकला. घोड्यानं कडबा सोडून कुंपणावरचं दोडक्याचा वेल खाल्ला. मामी वाकून बघत म्हणाली, "दात मात्र चांगलेत हो." जाताना तिनं त्या माणसाला हळद बांधून दिली आणि त्यानंही राग न धरता सांगितलं, भाचीचं ठरलं की हाच घोडा, दुसरा न्हाई. मी त्याला हुंडा, वरात आणि प्राण्यांवरचा अन्याय यांवर माझं मत सांगणार होते, पण पिकअप निघून गेली.

"खटका तरी लिहायचं," मामी म्हणाली.

"खटका लिहिलं असतं तर लोक विजेची बटणं घेऊन आले असते," मी म्हणाले. ती म्हणाली, बटणं पिशवीत तरी मावतेत.

आता शहाण्यासारखं जे आधीच करायचं ते केलं. नांदेडला बंदुकांचं एक लायसनवालं दुकान आहे, तिथं जायचं ठरलं. मामी म्हणाली, मी पण येते, भाव माझ्या कानानं ऐकते. मामांनी दस्ता आणि जाड नळी चादरीत गुंडाळली, लायसन खिशात घातलं. मामीनं भाकरीची पिशवी घेतली. जीपमध्ये मामा माझ्या कानाशी लागले.

"बारीक नळी घरीच ठिवली म्या."

"काहून?"

"दोन्ही नळ्या बघितल्या की भाव वाढणार. एका नळीत मधला येतो."

त्या क्षणी मला मामा थोर वाटले. बाजाराला इतक्या साध्या युक्तीनं अडवता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुकानदार वयानं मोठा, पांढरी दाढी, बोलणं हिंदीत. त्यानं बंदूक उघडली, मिटली, कानाशी नेऊन टिचकी मारली. मग टेबलाखालून एक तेलकट पत्र्याचा डबा काढून खडखडवला. "इसमें सब घोडेच हैं," तो म्हणाला. मी डब्याकडं संशयानं पाहिलं. त्यातून एकेक काढून तो लावून बघत होता. नेमका कुठलाच बसेना. ही बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, म्हणाला. शेवटी एक जरा जाड निघाला. तो कानशीनं घासून, पुन्हा लावून, पुन्हा घासून त्यानं दुपारपर्यंत बसवला. मग रिकाम्या बंदुकीचा चाप दाबला. टक्क. मामांनी डोळे मिटले. मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते.

"वाजली," मामा मामीला म्हणाले. "दसऱ्याच्या आत वाजली. झालं?"

"झालं की. आता भाव इचारा." मामीनं स्वतःच विचारलं, "कितीला जाईल हो ही?"

दुकानदारानं उत्तर द्यायला मामांकडं पाहिलं. मामांनी त्याला भुवईनं काहीतरी खुणावलं. दुकानदार समजूतदार माणूस होता, त्याच्या चेहऱ्यावर एक मधला भाव उमटायला लागला होता. आणि मला राहवलं नाही.

"प्रश्न बाईनं विचारला आहे," मी म्हणाले. "उत्तर बाईकडं बघून द्या. प्रत्येक दुकानात हेच. विचारणार बाई, आणि बोलणार गड्याशी!"

दुकानदार ओशाळला. तो पूर्ण वळून मामीसमोर बसला, हात जोडले. "माफ करना अम्मा. देखो, एक नाल है तो पुरानी बंदूक है, जो मिल गया सो मिल गया. मगर ये मॉडल तो दूसरी नाल के साथ आता है. रायफल वाली. वो कहाँ है?"

"घरी राहिली," मामा घाईनं म्हणाले. "गंजली. जवळपास न्हाईच ती."

"काहून घरी राहील?" मामी म्हणाली. तिनं पिशवीतून भाकरी काढल्या, ठेच्याची वाटी काढली, आणि खालून टॉवेलात गुंडाळलेली बारीक नळी काढून टेबलाच्या काचेवर ठेवली. "तुमी इसरून चालले होते. म्या पाहिली कोपऱ्यात, घेतली."

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खरं म्हणजे बघण्यासारखं नव्हतं, मी दुसरीकडं पाहिलं.

दुकानदारानं नळी उजेडाकडं धरून आतून पाहिली. मग ती दस्त्याला बसवली. खट्कन बसली. त्यानं सांगितलं, असा माल आता बाहेरून येत नाही, आणू देत नाहीत. जुना आहे तेवढाच देशात फिरतो. त्यातून एकाच दस्त्याच्या दोन्ही नळ्या सलामत, म्हणजे जोडी. त्यानं कॅल्क्युलेटरवर आकडा मारला आणि मामीकडं फिरवला. मामीकडंच. मी आधीच तसं बजावलं होतं.

मामीनं बोट ठेवून शून्यं मोजली. पुन्हा मोजली. मामांनी बाकाचा काठ धरला होता.

"बराबर हाय का हे?" तिनं विचारलं.

"कम बोला, अम्मा. ग्राहक मेरे पास आज है."

"असू द्या." मामीनं बारीक नळी उचलली, टॉवेलात गुंडाळली, वर भाकरी ठेवल्या. "न्हाई विकायची."

"न्हाई?" मामा म्हणाले. इतका आनंद आणि इतका संशय एका शब्दात मी पहिल्यांदाच ऐकला.

"सोनं कुणी विकून राहिलं का उगीच? मोडकी होती तवा विकायला काढली होती. एवढ्या मोलाची वस्तू आन् तुमी ती हळदीच्या ड्रमाला टेकवता? आता ती माझ्याजवळ राहणार."

दुकानदारानं घासणावळ घेतली आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला. अशी गिऱ्हाईकं त्याला आवडतात की नावडतात, त्याच्या तोंडावरून काही कळलं नाही.

तेव्हापासून बंदूक मामीच्या लोखंडी कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या खाली, दोन्ही नळ्या वेगवेगळ्या उशांच्या अभ्र्यांत. किल्ली तिच्या कमरेला. मी तिला सांगून पाहिलं की लायसन मामांच्या नावावर आहे, कायद्यानं बंदुकीचा ताबा मामांचा पाहिजे, कपाटही त्यांचं पाहिजे. ती म्हणाली, "ताबा त्यांचाच हाय. किल्ली माझी हाय." कायदा मामांच्या बाजूनं आहे आणि आजवर जगातल्या सगळ्या किल्ल्या मामांच्याच बाजूनं होत्या, त्यामुळं नेमका निषेध कुणाचा करायचा, ते ठरत नाही.

पाहुणे आले की आता मामी दाखवते. गावातल्या बाया खास बघायला येतात. ती पुढचं लाकूड काढते, एक नळी काढते, दुसरी बसवते, आणि बाया "अगं बाई" म्हणतात. मामा कडेला उभे राहून "जपून, जपून" म्हणतात आणि तिचं काही चुकतंय का बघतात. चुकत नाही.

परवा मामांना तेल द्यायचं होतं. बंदुकीला आठवड्याला तेल लागतं, हे त्यांनीच मामीला पटवलं आहे. ते फडकं आणि तेलाची बाटली घेऊन कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

"हात धुवा आधी," मामी म्हणाली.

ते नळावर जाऊन आले. हात पुढं केले. तिनं तळवे पाहिले, उलटे करायला लावले, तेही पाहिले.

"नखं?"

मामा परत नळावर गेले.